चार किलोबाइटांची काटकसर

संगणकाचा इतिहास सामान्यतः वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. यंत्रे लहान होत गेली, त्यांचा वेग वाढला, मेमरी स्वस्त झाली, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. या इतिहासाला काटकसरीचीही एक बाजू आहे. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या मंडळींनी थोडी मेमरी वाचवण्यासाठी काय काय काढून टाकले, काय काय गृहीत धरले आणि त्या बचतीची किंमत पुढे कोणी चुकवली, हा प्रश्न तांत्रिक तर आहेच, पण तो तितकाच ऐतिहासिकही आहे. प्रस्तुत लेखात त्याचा एका विशिष्ट उदाहरणाच्या आधारे विचार करण्याचा आमचा मानस आहे.

मराठीच्या अध्यापकांनी या विषयात का शिरावे, असे वाचकांना वाटू शकेल. पाठचिकित्सा शिकवताना जो प्रश्न आम्हांला पदोपदी भेटतो, तोच येथेही भेटतो, हे त्याचे उत्तर. पोथीची नक्कल करणारा लेखक एखादा शब्द अनावश्यक समजून गाळतो, पान वाचते, मजकूर नेटका दिसतो. आणि तीन पिढ्यांनंतर ओवीचा अर्थ लागेनासा होतो. जे अनावश्यक दिसते ते खरोखर अनावश्यक आहे काय, आणि हे कोणी ठरवायचे? संस्कृत वैयाकरणांविषयी अशी ख्याती आहे की सूत्रातली अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना पुत्रजन्माइतका आनंद होतो. त्या आनंदात एक गोष्ट झाकली जाते. सूत्र आखूड झाले की भाष्य लांबते. बचत होते ती सूत्रकाराची. कष्ट वाढतात ते भाष्यकाराचे.

आता मूळ विषयाकडे वळू. १९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांची युनिक्स ही प्रणाली पीडीपी-११ या यंत्रावर चालू लागली. त्या यंत्राची मेमरी एकूण २४ किलोबाइट होती. त्यातील १६ किलोबाइट प्रणालीसाठी आणि उरलेली ८ किलोबाइट वापरणाऱ्यांच्या आज्ञावल्यांसाठी. डिस्क ५१२ किलोबाइटांची. एवढ्या सामग्रीवर प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातील तीन टंकलेखक आपले रोजचे काम करीत, आणि त्याच यंत्रावर संशोधक आपल्या नव्या आज्ञावल्या तपासून पाहत. या यंत्रात मेमरीला संरक्षण नव्हते. म्हणजे एका आज्ञावलीने दुसरीच्या, किंवा खुद्द प्रणालीच्या, जागेत पाय टाकला तर तिला अडवणारे कोणी नव्हते. नवी आज्ञावली चालवून पाहणे हे सावधपणाचे आणि धाडसाचे काम होते, असे रिची यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे.

हे धाडस करणारे संशोधक होते. त्याची झळ लागू शकत होती ती मात्र टंकलेखकांना. अर्थात १९७१ साली दुसरा मार्ग नव्हता. २४ किलोबाइटांत प्रणाली बसवायची तर प्रत्येक बाइटाचा हिशेब ठेवणे भागच होते, आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या त्या छोट्या जगात असा धोका पत्करण्याजोगाही होता. अडचण उद्भवली ती पुढे. परिस्थिती बदलली, पण त्या परिस्थितीत जडलेली सवय बदलली नाही.

ही सवय किती खोल होती हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसले. युनिक्समध्ये दूरच्या वापरकर्त्याची माहिती देणारी ‘फिंगर’ नावाची सेवा होती. बाहेरून आलेली ओळ वाचून घेण्यासाठी तिने ५१२ बाइटांची जागा राखून ठेवलेली होती, आणि ती ओळ ‘गेट्स’ नावाच्या एका ग्रंथालयीन फंक्शनकरवी वाचली जाई. जागा किती आहे, असे हे फंक्शन विचारीतच नसे. जेवढे येईल तेवढे ते भरीत जाई. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘किड्या’ने जे मार्ग वापरले त्यांपैकी एक हा होता. त्याने ५१२ पेक्षा लांब ओळ पाठवली, वाढीव बाइट शेजारच्या जागेवर सांडले, आणि त्या सांडलेल्या मजकुराने यंत्राचा ताबा घेतला. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार यंत्रे बाधित झाली. सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून ‘गेट्स’ पूर्णपणे काढून टाकायला मात्र २०११ साल उजाडावे लागले.

येथपर्यंतची कथा पुष्कळांना ठाऊक असते. आम्हांला अधिक बोधप्रद वाटते ती त्यानंतरची, लिनक्स कर्नेलमधील ‘चार किलोबाइटांच्या स्टॅक’ची कथा. हिच्यात कोणी दुष्ट नाही आणि कोणी अडाणीही नाही. दोन्ही बाजूंना जाणती माणसे आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

प्रथम स्टॅक म्हणजे काय ते पाहू. जुन्या घरांत मडक्यांची उतरंड असे. एकावर एक मडकी रचलेली. शेवटी ठेवलेले मडके आधी काढायचे. संगणकाचे काम असेच चालते. एका कामातून दुसरे काम निघते, दुसऱ्यातून तिसरे. प्रत्येक नव्या कामाची टिपणे आधीच्या टिपणांवर ठेवली जातात आणि काम संपले की वरून उचलली जातात. सामान्य आज्ञावलीची उतरंड गरजेप्रमाणे वाढू शकते. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मात्र प्रत्येक चालू कामासाठी ठराविक मापाचीच जागा देतो. बत्तीस बिटी इंटेल यंत्रांवर ही जागा ८ किलोबाइटांची, म्हणजे मेमरीच्या लगतच्या दोन ‘पानां’ची असे. या जागेच्या एका टोकाला त्या कामाची महत्त्वाची नोंद ठेवलेली असे. हे काम कोणाचे आहे आणि त्याला मेमरीच्या कोणत्या मर्यादेपर्यंत हात घालू द्यायचा, हे त्या नोंदीवरून ठरे. उतरंड बेसुमार वाढली तर ती थेट या नोंदीवर जाऊन आदळे, आणि तेव्हा कोणतीही घंटा वाजत नसे.

२००४ साली लिनक्सच्या २.६.६ या आवृत्तीत ही जागा निम्म्याने कमी करून ४ किलोबाइट करण्याचा पर्याय आला. मागणी अवास्तव नव्हती. यंत्र बराच काळ चालू राहिले की मेमरीची मोकळी पाने विखुरतात. सुटे एक पान सहज मिळते, पण लगतची दोन पाने मिळणे कठीण होत जाते. पाने मोकळी असूनही केवळ ती जोडीने नाहीत म्हणून नवे काम सुरूच करता येत नाही, असा प्रसंग मोठ्या सर्व्हरवर येऊ शके. शिवाय बत्तीस बिटी यंत्रांत कितीही मेमरी बसवली तरी कर्नेलला थेट वापरता येणारा भाग सुमारे ८९६ मेगाबाइटांचाच होता. दहा हजार कामे एका वेळी चालू असतील तर प्रत्येकी ४ किलोबाइटप्रमाणे सुमारे ४० मेगाबाइट त्या मोलाच्या भागात वाचत. मध्येच येणाऱ्या हार्डवेअरच्या हाकांसाठी, ज्यांना इंटरप्ट म्हणतात त्यांच्यासाठी, वेगळ्या उतरंडीची सोयही या बदलात होती. त्यामुळे जागा निम्मी झाली तरी ओझेही काही प्रमाणात उतरले होते.

या निमित्ताने कर्नेलची साफसफाईही झाली. ज्या फंक्शनांनी उतरंडीवर ऐसपैस जागा अडवून ठेवली होती ती हुडकून आटोपशीर करण्यात आली. हे काम निःसंशय चांगले होते. शिस्त लागण्यासाठी टंचाई उपयोगी पडते, हे काटकसरीच्या बाजूने मान्य केलेच पाहिजे.

मग अडले कोठे? मे २००४ मध्ये फेडोरा कोअर २ हे वितरण ४ किलोबाइटांचा पर्याय स्वीकारून बाहेर पडले, आणि एनव्हिडिया कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर त्यावर चालेनासा झाला. विंडोजचे ड्रायव्हर लिनक्सवर चालवण्याची जी सोय होती तिचीही पंचाईत झाली, कारण त्या ड्रायव्हरांना १२ किलोबाइटांची सवय होती. त्याहून अवघड प्रश्न होता थरांचा. एखाद्या सर्व्हरवर जाळ्यातून फाइली पुरवणारी एनएफएस सेवा असते, तिच्याखाली एक्सएफएस ही फाइलव्यवस्था, तिच्याखाली अनेक डिस्कांना एकत्र बांधणारा थर, आणि त्याखाली डिस्कचा ड्रायव्हर. यांतील प्रत्येक थर एकेकटा तपासला तर काटकसरीनेच लिहिलेला. पण एकावर एक रचले की उतरंड चार किलोबाइटांच्या बाहेर जाई. लेखकाने आपली ओवी तपासावी, पण अध्याय एकत्र बांधल्यावर काय होते ते बांधणाऱ्यालाच दिसावे, तसा हा प्रकार. शिवाय कोणते थर कोणत्या क्रमाने रचायचे हे कर्नेल लिहिणारा ठरवीत नाही. ते ठरवतो दूरच्या गावातला, लेखकाला अज्ञात असलेला व्यवस्थापक.

या वादात दोन्ही पक्षांच्या हातांतील पुरावा सारखा नव्हता, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. काटकसरीचा पक्ष आकडा दाखवू शकत होता: इतकी कामे, प्रत्येकी इतकी बचत, एकूण इतके मेगाबाइट. सुरक्षिततेच्या पक्षाकडे ‘असे होऊ शकते’ एवढेच होते. जे अपघात उतरंड सांडल्यामुळे झाले ते तसे झाल्याचे सिद्ध करणेही दुरापास्त होते, कारण सांडलेली उतरंड दुसऱ्याच नोंदी बिघडवते आणि यंत्र कोसळते ते भलत्याच ठिकाणी. ज्याचा पुरावा मागे राहत नाही त्याचे वजन वादात कमी भरते. इतिहासाच्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही.

२००८ च्या एप्रिलमध्ये चार किलोबाइट हीच मूळ निवड असावी असा प्रयत्न झाला आणि वाद पुन्हा पेटला. अखेर पर्याय हा पर्यायच राहिला. २०१० मध्ये तोही काढून टाकण्याचे ठरले. इंटरप्टसाठीची वेगळी उतरंड मात्र ठेवण्यात आली. म्हणजे साफसफाईतला जो भाग सुरक्षितता वाढवणारा होता तोच टिकला. पुढे चौसष्ट बिटी यंत्रांवर ८ किलोबाइटही अपुरी पडू लागली आणि २०१४ साली ३.१५ या आवृत्तीत ही जागा १६ किलोबाइट करण्यात आली. दहा वर्षांपूर्वी जी निम्मी करायची होती, ती आता दुप्पट झाली.

तरीही मूळ प्रश्न सुटला नव्हता. वाद चालला होता तो मापाचा: चार की आठ, आठ की सोळा. उतरंड जर मापाबाहेर गेलीच, तर ते कळणार कसे, हा प्रश्न मागेच राहिला होता. जून २०१६ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या गटातील जान हॉर्न यांनी त्याचे गांभीर्य प्रत्यक्ष दाखवून दिले. फाइली कूटबद्ध करून ठेवणाऱ्या ईक्रिप्टएफएस या व्यवस्थेला स्वतःभोवतीच गुंडाळून त्यांनी कर्नेलला एकातून एक असे काम इतक्या खोलपर्यंत करायला लावले की उतरंड सांडली. आणि त्या सांडण्याचा नेमका उपयोग करून यंत्राचा संपूर्ण अधिकार मिळवता येतो, हे सिद्ध केले. १६ किलोबाइट येथे पुरले नाहीत. ३२ ही पुरले असते असे म्हणता येत नाही.

यावरील उपाय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ४.९ या आवृत्तीत आला. अँडी लुटोमिर्स्की यांनी पुढाकार घेतलेल्या या बदलात उतरंडीची पाने प्रत्यक्ष मेमरीत लगत असण्याची अट गेली. ती कोठेही विखुरलेली असोत, पत्त्यांच्या नकाशात त्यांना शेजारी दाखवले म्हणजे झाले. उतरंडीच्या टोकाशी एक कोरे पान ठेवण्यात आले, ज्याला पत्ता आहे पण ज्याच्यामागे मेमरी नाही. शेताच्या बांधाला जसे पीक नसते, तसे. उतरंड त्या पानाला टेकली की प्रोसेसर तत्काळ थांबतो, दोषी काम बंद पडते आणि नेमके काय झाले याची नोंद मागे राहते. कामाची ती महत्त्वाची नोंदही उतरंडीच्या टोकावरून उचलून सुरक्षित जागी नेण्यात आली.

आता २००४ मधील मूळ तक्रार आठवावी: लगतची दोन पाने मिळत नाहीत. ती अडचण या उपायाने दूर झाली, आणि सुरक्षिततेचे कोरे पान मेमरीचा जवळजवळ एकही बाइट न खाता मिळाले. मेमरी की सुरक्षितता असा जो तराजू बारा वर्षे हातात धरला होता, त्यातला विरोध बराचसा प्रश्न मांडण्याच्या पद्धतीतून आलेला होता. उपाय अगदी फुकटचा मात्र नव्हता. नवे काम सुरू करण्याचा खर्च प्रथम सुमारे दीड मायक्रोसेकंदाने वाढला. तो भरून काढण्यासाठी प्रत्येक प्रोसेसरमागे दोन रिकाम्या उतरंडी हाताशी राखून ठेवण्यात आल्या. म्हणजे थोडी मेमरी खर्ची पडलीच. पण ती उघडपणे, मोजून आणि कारण सांगून.

या बदलानंतर जी साफसफाई करावी लागली ती विशेष उद्बोधक आहे. अनेक ड्रायव्हरांनी हार्डवेअरला थेट उतरंडीवरच्या जागेत माहिती टाकायला सांगितलेले होते. असे करू नये, हा नियम कर्नेलच्या दस्तऐवजांत आधीपासून लिहिलेला होता. पण पाने लगत असेपर्यंत ते निभावून जाई, म्हणून कोणी लक्ष दिले नाही. २०१६ नंतर असे ड्रायव्हर एकामागून एक दुरुस्त करावे लागले. त्यानंतर २०१८ मध्ये, ज्यांचे माप आयत्या वेळी ठरते अशा उतरंडीवरच्या जागा कर्नेलमधून काढून टाकण्याची मोहीम हाती घेण्यात आली, ४.२० या आवृत्तीपर्यंत ती पूर्ण झाली. आयत्या वेळी लागेल तेवढीच जागा घेणे ही काटकसरच होती. तिच्याऐवजी पुष्कळ ठिकाणी कमाल मापाची ठराविक जागा राखून ठेवण्यात आली. थोडी जागा वाया जाईल, पण किती जाईल हे आधी ठाऊक असेल, असा हा सौदा.

काटकसरीची टोकाची पायरी पाहायची असेल तर लिनक्सला लहानात लहान यंत्रांत बसवण्याच्या प्रयत्नांकडे पाहावे. मॅट मॅकॉल यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स-टायनी’ उपक्रमातून कर्नेलला अनेक उपयुक्त पर्याय मिळाले. त्यांच्याच प्रयत्नांतून आलेला एक पर्याय असा, की कर्नेलमध्ये जागोजाग पेरलेल्या स्वतःच्या तपासण्याच गाळून टाकता येतात. ‘येथे असे घडणे अशक्य आहे, घडलेच तर थांब’ असे सांगणाऱ्या त्या ओळी गाळल्या की कर्नेल लहान होतो, आणि अशक्य ते घडले तरी मुकाट पुढे जातो. या पर्यायासोबतची सूचना मात्र प्रामाणिक आहे. प्राणघातक बिघाड गुपचूप दुर्लक्षिले जातील हे ती स्पष्ट सांगते, आणि ज्या यंत्राला बिघाड कळवण्याची सोयच नाही अशांसाठीच हा पर्याय वापरावा असे बजावते. बचत करणाराने बचतीची किंमत बचतीच्या शेजारीच लिहून ठेवावी, याचा हा उत्तम नमुना होय.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. लिनक्स कर्नेलच्या बदलांचा आज वापरात असलेला मुख्य संग्रह एप्रिल २००५ पासून सुरू होतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो गिट या नव्या साधनात सुरू केला तेव्हा आधीचा इतिहास उपलब्ध असूनही त्यात घेतला नाही. तो सुमारे ३.२ गिगाबाइट भरेल आणि आरंभीच्या दिवसांत नसती गुंतागुंत होईल, असे कारण त्यांनी पहिल्याच नोंदीत दिले. त्यामुळे २००४ मधील चार किलोबाइटांचा निर्णय या संग्रहाच्या आरंभापूर्वीचा ठरतो. तो शोधायला पुढे वेगळ्या तयार झालेल्या संग्रहांकडे जावे लागते. मेमरी या शब्दाला आपल्याकडे स्मृती असा प्रतिशब्द आहे. एका अर्थाची स्मृती वाचवताना दुसऱ्या अर्थाची स्मृती बाहेर राहिली. मात्र टोरवाल्ड्स यांनी काय वगळले आणि का, हे लिहून ठेवले. कोरी सुरुवात आणि कारण नोंदवून केलेली सुरुवात यांत इतिहासाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

आता मेमरी स्वस्त झाली आहे, तेव्हा हा वाद संग्रहालयात ठेवण्याजोगा झाला, असे कोणी म्हणेल. ते अर्धसत्य आहे. मेमरी कोणासाठी स्वस्त झाली, हेही विचारले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातांत अँड्रॉइडचे जे फोन असतात त्यांच्या गाभ्याशी लिनक्सचाच कर्नेल असतो. कोऱ्या पानाचे संरक्षण चौसष्ट बिटी आर्म चिपांसाठी कर्नेलमध्ये २०१७ साली आले. जुन्या, बत्तीस बिटी आर्म चिपांसाठी ते यायला २०२२ उजाडले. टंचाई आजही आहे. फक्त ती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. १९७१ मध्ये धाडस संशोधकांचे आणि धोका टंकलेखकांचा होता. आज लेखक आणि वापरणारा यांच्यात समुद्राचे अंतर पडले आहे. म्हणून काटछाट करणाराची जबाबदारी कमी न होता वाढलीच आहे.

या साऱ्यावरून काटकसर वाईट, असा निष्कर्ष आम्हांला काढायचा नाही. जुना कोड साफ केलाच पाहिजे, अनावश्यक ते गाळलेच पाहिजे. जो मजकूर कोणी वाचू शकत नाही तो कोणी तपासूही शकत नाही. पण काही गाळण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात, असे हा इतिहास सुचवतो. जे गाळतो आहोत ते येथे का होते? आपला अंदाज चुकला तर ते कळेल काय, की सारे मुकाट बिघडेल? आणि चुकल्यास सोसायचे आहे ते आपण, की आपल्याला अज्ञात असलेला कोणी? या तीन प्रश्नांपैकी चार किलोबाइटांच्या वादात मधला प्रश्न बारा वर्षे मागे पडला होता. तो नीट विचारला गेला तेव्हा उत्तर एका कोऱ्या पानावर मिळाले.